सूक्ष्मवित्त : बडोद्यातील पूर्वपीठिका

तारण देऊ न शकणाऱ्या कुटुंबांना लहान रकमांचे कर्ज आणि त्याच्या जोडीने बचत व विम्याची सोय पुरविणारी पद्धती. महिला बचत गटांमुळे ती सर्वपरिचित आहे. तिच्या मुळाशी असलेले परस्पर साहाय्याचे तत्त्व बडोद्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच रुजलेले दिसते.

विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या पुढाकाराने ५ फेब्रुवारी १८८९ रोजी येथे अन्योन्य सहकारी मंडळी स्थापन झाली. तिचा उगम बडोद्यातील मध्यमवर्गीय महाराष्ट्रीय मंडळींच्या आपसातील मदतीत होता. भारतातील पहिली सहकारी पतसंस्था असा तिचा उल्लेख बहुधा होतो. मात्र हे आद्यत्व कसोटीवर अवलंबून आहे. मद्रास इलाख्यातील निधी, म्हणजे सभासदांच्या ठेवींतून सभासदांनाच कर्ज देणाऱ्या संस्था, तिच्याआधीच्या असून मैलापूरचा निधी १८७२ चा आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ मध्ये झाला, बडोदे संस्थानाचा त्यानंतर. त्यामुळे कायद्याखालील नोंदणी ग्राह्य धरल्यास मान गदगजवळील कणगिनहाळच्या १९०५ मधील संस्थेकडे जातो. तथापि कायद्याचा आधार नसताना, केवळ सभासदांच्या भरवशावर उभी राहिलेली संस्था म्हणून बडोद्याचा दावा अधिक सबळ वाटतो. पुढे सहकारी बँक झालेली ही संस्था आता बंद आहे.

आजच्या गटकर्जात तारणाची जागा शेजारपाजारची ओळख घेते. एकीचा हप्ता थकला तर तो इतरजणींना भरावा लागतो. म्हणून गटात कोणाला घ्यायचे, हे त्याच पारखून ठरवितात. व्याजआकारणीकडे विशेष लक्ष देणे आवश्यक आहे. १०,००० रुपयांवर मूळ रकमेनुसार वर्षाला १२ टक्के आकारल्यास व्याज १,२०० रुपये व बारा महिन्यांच्या फेडीसाठी मासिक हप्ता सुमारे ९३३ रुपये पडतो. पण मुद्दल दरमहा घटत असल्याने खरा दर सुमारे २१.५ टक्के होतो. कर्जदार स्त्रीला हा दुसरा आकडा आधी सांगितला गेलाच पाहिजे.

गुजरातेत अहमदाबादच्या सेवा बँकेने १९७४ पासून कष्टकरी स्त्रियांसाठी हे काम केले. नाबार्डची (राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँक) बचत गट–बँक जोडणी १९९२ ची. आर्थिक विकासावरील परिणामाबाबत एकमत नाही. बॅनर्जी, दुफ्लो प्रभृती अर्थशास्त्रज्ञांच्या हैदराबादेतील पाहणीत घरगुती व्यवसायांतील गुंतवणूक वाढलेली, परंतु कुटुंबाचा एकूण उपभोग फारसा न बदललेला आढळला. आंध्र प्रदेशातील २०१० च्या कर्जसंकटानंतर नियमन कडक झाले. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज सूक्ष्मवित्तात मोडते, आणि सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाऊ नयेत, असे बंधन आहे.