अर्धसत्य : राजकीय व सामाजिक चित्रण

गोविंद निहलानी दिग्दर्शित ‘अर्धसत्य’ (१९८३) हा मुंबईत घडणारा हिंदी गुन्हेपट. तो श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवरून बेतलेला असून पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद वसंत देवांचे आहेत. सत्तरच्या दशकात तेंडुलकरांनी नेहरू पाठ्यवृत्ती घेऊन समाजातल्या वाढत्या हिंसेचा अभ्यास केला होता. तो इथे कामी आलेला दिसतो.

फौजदार अनंत वेलणकर (ओम पुरी) याच्या तपासात रामा शेट्टी या दादाचे नाव येते. तो अटक करायला जातो. शेट्टी जागचा हलत नाही, फक्त फोन फिरवतो, आणि वरिष्ठांच्या हुकमाने वेलणकरला हात हलवत परतावे लागते. राजकारण म्हणजे भाषणबाजी करणारा पुढारी, ही तेव्हाच्या पडद्यावरची सोपी समजूत या प्रसंगात मोडली. पुढे हाच शेट्टी महापालिकेच्या निवडणुकीला उभा राहतो आणि पोलीस खाते त्याच्यापुढे आणखीच लाचार होते. मराठी रंगभूमीवरून आलेल्या सदाशिव अमरापूरकरांनी हा शेट्टी आवाज न चढवता उभा केला. म्हणूनच त्याची जरब बसते.

चित्रपटाच्या आदल्या वर्षी, १९८२ साली, मुंबईत गिरणी संप सुरू झाला होता आणि ऑगस्टमधल्या पोलिसांच्या संपात लष्कर बोलवावे लागले होते. खाकीतला माणूसही भरडला जातो, हे शहराने नुकतेच पाहिले होते.

तरीही चित्रपट वेलणकरला नायक म्हणून सोडून देत नाही, आणि त्याचे खरे मोठेपण यातच आहे. अनंतचे वडील निवृत्त हवालदार. ते आईला मारायचे, आणि लहानग्या अनंतला ते निमूट पाहावे लागे. शिकायची इच्छा असलेल्या मुलाला त्यांनीच पोलिसात ढकलले. घरातली ती मारहाण पुढे लॉकअपमध्ये उतरते: वरच्यांपुढे हतबल झालेला वेलणकर दारूच्या नशेत एका किरकोळ चोराला इतके मारतो की तो मरतो. दिलीप चित्रे यांच्या कवितेत तराजूच्या एका पारड्यात नपुंसकता, दुसऱ्यात पौरुष येते. ती कविता त्याच्या हाती देते प्राध्यापिका ज्योत्स्ना (स्मिता पाटील). वर्दीतल्या मर्दपणाला प्रश्न विचारणारी ती एकटीच. तिला आणखी जागा हवी होती.

ठाण्यातले सहकारी हैदर अली आणि निलंबित, व्यसनात बुडालेला माईक लोबो यांच्यामुळे मुंबईचा मिश्र चेहरा दिसतो. मात्र साठच्या दशकाअखेर ज्या शहरात दाक्षिणात्यांविरुद्ध आंदोलन पेटले, तिथे खलनायकाला दाक्षिणात्य आडनाव देणे निरागस राहत नाही. चित्रपट त्या आडनावाचे भांडवल करत नाही, हे खरे. पण त्याकडे वळूनही पाहत नाही.

ओम पुरींना या भूमिकेसाठी अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शेवटी लॉकअपमधल्या त्या मृत्यूच्या प्रकरणातून सुटण्यासाठी वेलणकर त्याच शेट्टीच्या दारी जातो. शेट्टी त्याला आपल्यात सामील व्हायला सांगतो. वेलणकर त्याचा गळा आवळतो आणि पोलीस ठाण्यात जाऊन स्वतःला हवाली करतो.