तुडतुड्यांवरील परजीवी गांधीलमाश्या

तुडतुड्यांच्या अंड्यांत किंवा पिल्ला-प्रौढांच्या शरीरावर वाढून शेवटी त्यांचा जीव घेणाऱ्या लहान गांधीलमाश्या. यांत मायमॅरिडी आणि ड्रायनिडी ही दोन कुले महत्त्वाची असून दोन्हींची स्थापना आयरिश कीटकशास्त्रज्ञ ए. एच. हॅलिडे यांनी १८३३ मध्ये केली. ट्रायकोग्रॅमॅटिडी कुलातील ऑलिगोसिटा ही प्रजातीही (जवळच्या जातींचा गट) तुडतुड्यांच्या अंड्यांवर आढळते. खरा परजीवी सहसा आपल्या यजमानाला जगू देतो, या माश्या मात्र त्याला जगू देत नाहीत. म्हणून फिनलंडचे ओ. एम. रॉयटर यांनी १९१३ मध्ये अशा कीटकांचा वेगळा वर्ग मानला.

मायमॅरिडी : यातील बहुतेक जाती एक मिलिमीटरपेक्षा लहान असतात. पंख अरुंद असून कडेला लांब केसांची झालर असते. कापूस, भेंडी व वांगी यांवरील हिरवा तुडतुडा (अम्रास्का बिगुटुला) अंडी पानाच्या शिरेत खुपसून घालतो, त्यामुळे ती वरून दिसत नाहीत. ॲनाग्रस फ्लॅविओलस व अरेस्कॉन एनोकी यांसारख्या जातींची मादी स्पृशांनी शीर चाचपत चालते, अंडे सापडले की तेथेच अंडनिक्षेपक रोवते आणि त्यात आपले अंडे घालते. ॲनाग्रसची अळी पुष्कळदा लालसर असते. पान उजेडासमोर धरून भिंगातून पाहिले, तर शिरेत तो रंग ओळखू येतो. पिल्लू बाहेर पडल्यावर शिरेवर बारीक चीर राहते, माशी बाहेर पडल्यावर गोल छिद्र राहते. शेतात पिल्ले मोजून फवारणीचा निर्णय घेतला जातो तेव्हा ही छिद्रे कोणी मोजत नाही. ती मोजायला हवीत.

या कुलाच्या नावांत बराच बदल झाला आहे. गोनॅटोसेरस या मोठ्या प्रजातीची जे. टी. ह्यूबर यांनी २०१५ मध्ये फेरमांडणी केली. त्यामुळे जुन्या भारतीय नोंदींतील काही जाती आता इतर प्रजातींत मोडतात. एकच माशी दोन नावांनी आढळली तर त्या दोन जाती समजू नयेत.

ड्रायनिडी : १,८०० हून अधिक जाती ज्ञात. बहुतेक उपकुलांत मादीच्या पुढच्या पायाचा पाचवा गुल्फखंड (पावलाचा शेवटचा सांधा) आणि वाढलेली नखी यांचा चिमटा बनतो. या चिमट्यात तुडतुडा पकडून ती त्याला डंखाने काही काळ निश्चेष्ट करते व अंडे घालते. थोड्या वेळाने तुडतुडा उठून पुन्हा रस शोषू लागतो. काही तुडतुडे ती स्वतःच खाऊन टाकते. पुढे यजमानाच्या पोटाच्या दोन खंडांमधून एक काळपट पिशवी बाहेर डोकावते. ती अळीने टाकलेल्या कातींची बनलेली असून अळी तिच्यात बसून आतले अवयव खाते. वाढ पुरी झाली की अळी पिशवी फाडून बाहेर येते आणि पानावर किंवा मातीत कोष विणते. गोनॅटोपोडिनी उपकुलातील पुष्कळ माद्यांना पंख नसतात. त्या मुंगीसारख्या दिसतात.

चिमट्याच्या उगमाबद्दल एकमत नाही. ॲफेलोपिनी उपकुलाच्या माद्यांना चिमटा नसतो. हे मूळचे लक्षण, की असलेला चिमटा पुढे लोपला, असा प्रश्न आहे. या उपकुलाला कुलाच्या तळाशी ठेवणारी मांडणी अधिक पटते, कारण मग चिमटा एकदाच उद्भवला एवढेच मानावे लागते. ब्रह्मदेशातील अंबरात (सुमारे ९.९ कोटी वर्षांपूर्वीच्या अश्मीभूत राळेत) या कुलाचे जीवाश्म मिळाले आहेत. कुल त्याहून जुने असावे.

यजमानाची निवड बरीच ठरलेली असते. ॲफेलोपिनी मुख्यतः टिफ्लोसायबिनी गटाच्या तुडतुड्यांवर व काही शिंगाड्या किड्यांवर, तर अँटिऑनिनी इतर खऱ्या तुडतुड्यांवर जगतात. ड्रायनिनी मात्र फुल्गोरॉइडिया अधिकुलातील (उसावरील पायरिलासारख्या) कीटकांवर जगतात. परजीवीग्रस्त तुडतुड्यांची जननेंद्रिये खुंटतात हे आल्फ्रेड जियार यांनी १८८९ मध्ये दाखवले.

जैविक नियंत्रण : हवाईतील उसावर क्वीन्सलँडहून आलेल्या पर्किन्सिएला सॅकॅरिसिडा या तुडतुड्यासारख्या किडीने विसाव्या शतकाच्या आरंभी मोठे नुकसान केले. ए. कोबेले व आर. सी. एल. पर्किन्स हे कीटकशास्त्रज्ञ १९०४ मध्ये तिचे शत्रू शोधायला ऑस्ट्रेलियात गेले. त्यांनी आणलेल्या अंडपरजीवी माश्यांनी पुष्कळ मळे सावरले. पूर्ण नियंत्रण १९२० मध्ये आणलेल्या टिथस मुंडुलस या अंडी शोषणाऱ्या ढेकणाने आले, असे सामान्यतः मानले जाते. तरी पहिल्या टप्प्याचे श्रेय माश्यांकडून काढून घेता येत नाही. कॅलिफोर्नियात डाउट व नाकाता या संशोधकांनी १९६० च्या दशकात वेगळी गोष्ट दाखवली. हिवाळ्यात द्राक्षाच्या तुडतुड्यांची अंडी नसतात, म्हणून ॲनाग्रस जवळच्या रानटी ब्लॅकबेरीवरील दुसऱ्या तुडतुड्याच्या अंड्यांत तग धरते आणि वसंतात बागेत परतते. ताहितीत २००५ मध्ये सोडलेल्या गोनॅटोसेरस ॲशमेडीने काचपंखी तुडतुड्यांची संख्या झपाट्याने खाली आणली.

पुणे परिसर : जिल्ह्यात भेंडी-वांगी, जुन्नर-नारायणगावची द्राक्षे, मावळ-मुळशी-भोरचा भात, आंब्याचा मोहोर आणि ऊस अशी तुडतुड्यांची निरनिराळी यजमान पिके थोड्या अंतरात भेटतात. वांग्यावर हिशिमोनस फायसिटिस हा तुडतुडा पर्णगुच्छ रोग पसरवतो, त्यामुळे तेथे थोडी संख्याही महाग पडते. द्राक्षबागेत एप्रिलची खरड छाटणी व ऑक्टोबरची फळ छाटणी झाली की काही दिवस वेलीवर पान राहत नाही. पान नाही म्हणजे तुडतुड्याचे अंडेही नाही. कॅलिफोर्नियाचा अनुभव लक्षात घेता या काळात माश्यांना बांधावरची झुडपे व शेजारची भाजीपिके उपयोगी पडत असावीत. सरसकट तणनाशक मारून बांध उघडा करणे म्हणूनच घातक आहे. सिंथेटिक पायरेथ्रॉइडच्या वारंवार फवारण्यांनी प्रौढ माश्या मरतात आणि तुडतुडे पुन्हा वाढतात.

उसावरील पायरिला (पाकोळी) हा लोफोपिडी कुलातील कीटक खऱ्या तुडतुड्यांहून वेगळा, पण त्याची कथा याच नोंदीत येते. त्याच्या अंड्यांवर टेट्रास्टिकस पायरिली व ऊएन्सिर्टस पॅपिलिओनिस, तर पिल्ला-प्रौढांवर ड्रायनस पायरिली या गांधीलमाश्या आढळतात. सर्वांत परिणामकारक शत्रू मात्र एपिरिकॅनिया मेलॅनोल्यूका हा पतंग आहे. हेक्टरी ४,००० ते ५,००० कोष किंवा ४ ते ५ लाख अंडी सोडण्याची शिफारस केली जाते. एपिरिकॅनियाचे कोष उसाच्या पानांवरच असतात. तोडणीनंतर पाचट पेटवले तर तेही जळतात.