जेन कॉन

अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील इंडियानापोलिस शहरात दर उन्हाळ्यात भरणारे, टेबलावर खेळायच्या खेळांचे संमेलन. गुरुवार ते रविवार चालते. २०२४ मध्ये सत्तर हजारांहून अधिक लोक आले होते. बोर्ड गेम, पत्ते, छोट्या पुतळ्यांच्या लढाया हे सगळे तिथे असतेच; मात्र जेन कॉनचे नाव झाले ते रोल-प्लेइंग खेळांमुळे. पाच-सहा जणांनी टेबलाभोवती बसायचे, प्रत्येकाने एकेका पात्राचे सोंग घ्यायचे, गेममास्टरने गोष्ट पुढे न्यायची आणि जमेल की नाही अशी वेळ आली की फासा टाकायचा, असा हा खेळ. नियमांची पुस्तके जाडजूड असली तरी मूळ मामला एवढाच.

नाव ही एक कोटी आहे. पहिले संमेलन विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या गावात भरले. जमणारे लोक युद्धखेळांचे शौकीन, आणि युद्धाचे नियम म्हटले की आठवतो जिनिव्हा करार, म्हणजेच इंग्रजीत ‘जिनिव्हा कन्व्हेन्शन’; आणि कन्व्हेन्शन म्हणजे संमेलनही. १९६७ मध्ये गावातल्या गॅरी गायगॅक्स या युद्धखेळवेड्याच्या घरी डझनभर मंडळी खेळायला जमली होती. पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९६८ मध्ये, त्याने गावातला हॉर्टिकल्चरल हॉल ५० डॉलर भाड्याने घेतला आणि शंभरेक लोक आले. रोल-प्लेइंग नावाची चीज तेव्हा जन्मालाही आली नव्हती. १९६९ च्या संमेलनात गायगॅक्सची डेव्ह आर्नेसन या दुसऱ्या युद्धखेळवेड्याशी गाठ पडली आणि १९७४ मध्ये या दोघांच्या नावाने ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पहिला रोल-प्लेइंग खेळ बाजारात आला. आधी संमेलन, मग खेळ असा हा उलटा क्रम आहे.

पुढे गर्दी वाढत गेली तशी जागा बदलत गेली: १९७८ मध्ये केनोशाजवळचे विद्यापीठ, १९८५ मध्ये मिलवॉकी, २००३ पासून इंडियानापोलिस. १९९३ मध्ये, मिलवॉकीच्या काळात, याच संमेलनात ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ लोकांसमोर आला. त्या खेळाच्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने १९९७ मध्ये गायगॅक्सची जुनी कंपनी टीएसआर विकत घेतली, तेव्हा संमेलनही तिच्याकडे गेले. २००२ मध्ये विझार्ड्सचाच एक संस्थापक पीटर अ‍ॅडकिसन याने ते स्वतंत्रपणे विकत घेतले.

संमेलनातला खेळ आणि घरचा खेळ यांत खरा फरक घड्याळाचा. घरची मोहीम वर्षानुवर्षे चालते. कुणाचे लग्न होते, कुणी गाव सोडतो, गोष्ट अर्धीच राहते. संमेलनात मात्र बहुतेक खेळांना चार तासांचा ‘स्लॉट’ मिळतो. तेवढ्यात अनोळखी भिडूंची ओळख व्हायची, नियम समजायचे, गोष्ट पेटायची आणि संपायचीही. कीर्तनकाराला जसा पूर्वरंग कुठे आवरायचा हे कळावे लागते, तसेच इथे.

म्हणून पात्रे आधीच तयार असतात. गेममास्टर सहा पत्रके टेबलावर पसरतो: योद्धा, चोर, जादूगार वगैरे. ‘घ्या कुठलेही’ म्हटल्यावर क्षणभर सगळे सभ्यपणे थांबतात आणि मग चोर हमखास पहिला उचलला जातो. जखमा बऱ्या करणारा क्लेरिक उरतो, तो उशिरा धापा टाकत आलेल्याच्या वाट्याला जातो. जाड कागद दुमडून त्यावर पात्राचे नाव लिहितात आणि समोर उभा करतात. पुढचे चार तास समोरच्या माणसाचे खरे नाव कुणी विचारत नाही. बऱ्याच टेबलांवर मध्यभागी फुली काढलेले एक कार्ड असते. एखादा प्रसंग कुणाला सोसवला नाही तर त्याने त्या कार्डाला हात लावायचा. प्रसंग तिथेच सोडून देतात, कारण विचारत नाहीत. परक्यांसोबत खेळताना ही सोय फार कामाची.

तिसऱ्या तासाला गेममास्टरची नजर मनगटाकडे जाऊ लागते. भुयाराच्या नकाशात अजून पाच दालने बाकी असतात. तो त्यांतली तीन मनातल्या मनात खोडतो आणि दार उघडताच थेट राक्षस समोर आणतो. खेळाडूंना पत्ताही लागत नाही. मग वीस बाजूंचा फासा घरंगळत जातो, सहा डोकी एकदम पुढे झुकतात, आणि वीसचे दान पडले तर जो ओरडा होतो त्याने शेजारची तीन टेबले वळून पाहतात. हॉलमध्ये एरवीही इतका कलकलाट असतो की कुजबुजणारे पात्र घेणाऱ्यालाही बोंब मारावी लागते.

घड्याळाचा हा धाक जुना आहे. सत्तरच्या दशकात अशा संमेलनांतून स्पर्धा होत: सगळ्या संघांना तेच भुयार, तीच पात्रे, ठरावीक वेळ आणि शेवटी गुण. गायगॅक्सचे ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे कुप्रसिद्ध भुयार १९७५ मध्ये बाल्टिमोरच्या ओरिजिन्स संमेलनात अशाच स्पर्धेसाठी वापरले गेले आणि १९७८ मध्ये छापून आले. पात्रे पटापटा मरतील अशी त्याची रचना घरी खेळताना जाचक वाटते. स्पर्धेत मात्र कोण किती पुढे गेला हे त्यामुळेच ठरवता येई. नंतर गुणांचे वेड ओसरले आणि १९८० मध्ये स्थापन झालेल्या आरपीजीए या रोल-प्लेइंग खेळाडूंच्या संघटनेने दुसरी वाट काढली: आपले पात्र आपल्याजवळ ठेवायचे आणि तेच एका संमेलनातून दुसऱ्या संमेलनात न्यायचे. आजची ‘पाथफाइंडर सोसायटी’ आणि ‘अ‍ॅडव्हेंचरर्स लीग’ या खेळमंडळ्या याच वाटेवरच्या.

खेळाचे तिकीट मिळवणे हा वेगळाच खेळ. नोंदणी सुरू होते त्या क्षणी हजारो लोक एकदम बटण दाबतात; रांगेतला नंबर मागे लागला की हवा तो खेळ गेलाच म्हणायचा. पण हिरमुसायचे कारण नाही. कुठल्याही खेळाला चालणारी साधी तिकिटे घेऊन टेबलाशी जाऊन उभे राहावे. कुणीतरी झोपेतून उठलेला नसतो. ‘गेम्स ऑन डिमांड’च्या दालनात तर आगाऊ नोंदणीच लागत नाही. खेळ चालवणारे बहुतेक हौशी असतात आणि छोट्या, नव्या खेळांचे टेबल अनेकदा खुद्द लेखकच सांभाळतो. माझ्या मते जेन कॉनची खरी मिळकत तिथे आहे, प्रदर्शन हॉलमधल्या खरेदीत नव्हे.

जागा कमी पडते म्हणून खेळ आसपासच्या हॉटेलांतही पसरतात; बरीचशी हॉटेले कन्व्हेन्शन सेंटरला रस्त्यावरून जाणाऱ्या बंद पादचारी पुलांनी जोडलेली आहेत. त्यांपैकी एक जुन्या युनियन स्टेशनच्या इमारतीत आहे. तिथे रुळांवर उभ्या पुलमन डब्यांत राहायच्या खोल्या आहेत आणि मधूनमधून जुन्या काळच्या प्रवाशांचे पांढरे पुतळे सामान घेऊन उभे असतात. भुताची गोष्ट खेळून मध्यरात्री बाहेर पडणाऱ्यांना ते जरा जास्तच दिसतात.

रविवारपर्यंत घसे बसलेले असतात. गर्दी, कमी झोप आणि सगळ्यांचे हात लागलेले फासे यांतून जडणाऱ्या सर्दी-तापाला खेळाडूंमध्ये ‘कॉन क्रड’ असे नावच पडले आहे. तरीही स्लॉट संपला की कुणी लगेच उठत नाही. शेवटच्या हल्ल्यात दुसरे काय करता आले असते यावर वाद सुरू होतो. गेममास्टर तोवर पत्रके गोळा करतो, त्यांवरचे पेन्सिलीने लिहिलेले घाव खोडरबराने पुसतो आणि पुन्हा टेबलावर पसरतो. दारात पुढचे सहा जण आलेले असतात.