अस्थिशल्यचिकित्सक (सांगली–मिरज परिसर)

हाडे, सांधे, मणका व स्नायुबंध यांच्या आजारांवर आणि अपघाती इजांवर शस्त्रक्रियेसह उपचार करणारा तज्ज्ञ. लोकांच्या तोंडी ‘हाडाचे डॉक्टर’. सांगली जिल्ह्यात या पेशाचे मुख्य ठाणे मिरज. १९६० ते १९८० या काळात व्यवसायात आलेली पिढी आता निवृत्त झाली आहे. हाडांच्या उपचारात या पिढीने उभ्या हयातीत पाहिलेला पालट मोठा आहे. ही नोंद मुख्यतः तिच्या कारकिर्दीची आहे.

डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचे रुग्णालय उभे केले आणि शस्त्रक्रियेसाठी दूरदूरचे लोक या गावी येऊ लागले. १९६२ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यात रेल्वेची भर. एकेकाळी मिरज जंक्शनवर ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशा तिन्ही मापांचे रूळ होते, त्यामुळे बेळगाव, पंढरपूर या बाजूंचा रोगी थेट मिरजेत उतरे. इथल्या डॉक्टरला कामापुरते कन्नड यावे लागते ते यामुळेच.

शिक्षणाचा क्रम सर्वत्र सारखाच: एम.बी.बी.एस., मग दोन वर्षांची पदविका किंवा तीन वर्षांचे एम.एस. खरे शिक्षण मात्र रात्रपाळीत, अपघात विभागात होई.

सुरुवातीच्या वर्षांत रोगी हाडवैद्याकडून पुढे येत. बांबूच्या कांबट्या, लेप आणि घट्ट पट्टी हा गावचा उपचार. साधे, न सरकलेले हाड त्यानेही जुळे, म्हणून लोकांचा विश्वास होता आणि तो अगदीच निराधार नव्हता. घात होई तो लहान मुलांच्या कोपराजवळच्या मोडीत. आधीच सुजलेल्या हातावर पट्टी आवळली की रक्तपुरवठा तुटतो, काही तासांत स्नायू मरू लागतात आणि पुढे बोटे कायमची आखडतात. फोल्कमान या जर्मन शल्यविशारदाने १८८१ मध्ये वर्णन केलेली ही विकृती आहे. बोटे गार पडली, बधिर झाली किंवा सरळ करताना मूल किंचाळले, तर पट्टी तत्काळ सोडायची, एवढे एक वाक्य घरोघर पोचते तर कितीतरी हात वाचले असते. ते पोचवणे हेही याच डॉक्टरांचे काम होते आणि अनेकांनी ते मनापासून केले.

त्या काळी मांडीचे हाड मोडले की थॉमस स्प्लिंट, म्हणजे पाय ताठ धरणारी धातूची चौकट, आणि पायाला टांगलेले वजन. रोगी आठवडेच्या आठवडे खाटेवर, घरचा एक माणूस उशाशी आणि शेतातले काम पडलेले. हाडाच्या पोकळीत सळई घालण्याची जर्मन शल्यविशारद कुंटशर यांची १९३९ ची पद्धत इथे रुळली, तेव्हा रोगी पुष्कळ लवकर उभा राहू लागला. पोलिओने लुळे पडलेले पाय आणि मणक्याचा क्षय ही त्या काळची नित्याची कामे. पोलिओ तर पूर्ण हटला: मूळ विषाणूने आजारी पडलेला भारतातला शेवटचा रोगी जानेवारी २०११ मधला.

त्याची जागा यंत्रांनी आणि दुचाकींनी घेतली. कडबाकुट्टीत गेलेला हात, मळणी यंत्रात सापडलेली बोटे, महामार्गावर चिरडलेली नडगी. उघड्या जखमेत पू झाला, हाडाचा तुकडा गेला, की पूर्वी पुष्कळदा पाय कापण्यावाचून इलाज नसे. सोव्हिएत डॉक्टर इलिझारॉव्ह यांनी सायबेरियात १९५१ च्या सुमारास शोधलेल्या पद्धतीने हे चित्र बदलले. लोक तिला ‘रिंग लावणे’ म्हणतात. पायाभोवती कड्या, त्यांतून हाडात गेलेल्या तारा. हाड एका जागी अलगद कापायचे आणि रोज एक मिलिमीटर, तेही चार हप्त्यांत, ताणत न्यायचे. मधल्या फटीत नवे हाड धरते. नट फिरवायचे काम रोगी किंवा त्याच्या घरचेच करतात, म्हणून त्यांना शिकवण्यात डॉक्टरचे तास जातात. ही पद्धत भारतात रुजवणाऱ्यांमध्ये मिरजेचे डॉ. जी. एस. कुलकर्णी यांचे नाव अग्रभागी आहे; अस्थिशल्यशास्त्रावरील मोठ्या इंग्रजी पाठ्यग्रंथाचे संपादनही त्यांनी केले.

गुडघा व खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रिया कारकिर्दीच्या उत्तरार्धात आल्या. ब्रिटिश शल्यविशारद चार्न्ली यांचा कृत्रिम खुबा १९६२ चा. जिल्ह्याच्या ठिकाणी तो सर्रास बसवला जायला काही दशके गेली. ‘वाटी बदलली’ हा शब्दप्रयोग आता गावोगाव ऐकू येतो.

हे काम अंगमेहनतीचे आहे. एक्स-रेपासून बचावासाठी शिशाचा जड अंगरखा घालून तासन्‌तास उभे राहायचे, ओढायचे, ठोकायचे. पाठ आणि मान धरते. म्हणून बहुतेक जण आधी शस्त्रक्रिया थांबवतात आणि तपासणी पुढे काही वर्षे चालू ठेवतात. तरीही बोलावणे येतेच. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची प्लेट काढायची असते, स्क्रूच्या डोक्याला आजचा पेचकस बसत नाही आणि जुना कागद हरवलेला असतो. तेव्हा तरुण डॉक्टर एक्स-रे दाखवून निवृत्त डॉक्टरांना विचारतात, सर, त्या काळी कुठल्या मापाचे स्क्रू वापरत होता?