स्पर्धेचा डाएट आणि ‘बसलेला’ मेटाबॉलिझम : पार्श्वभूमी

नागपुरात ‘श्री’च्या शरीरसौष्ठव स्पर्धा आटोपल्या की महाल-सक्करदऱ्याकडच्या जिममध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. “भाऊ, दोन पोळ्या खाल्ल्या तरी अंगावर चढतात. मेटाबॉलिझम बसला वाटते.” म्हणजे शरीराचा ऊर्जा खर्च करण्याचा वेग कायमचा बिघडला. तीन-चार महिने उकडलेलं चिकन, अंड्याचा पांढरा भाग आणि वजन करून घेतलेला भात. स्टेजवरून उतरल्यावर मात्र सावजी रस्सा, सकाळी तर्री पोहे, आणि पाहता पाहता पोटावरच्या रेषा गायब. पोरं घाबरतात, आणि त्यांची भीती खोटी नाही. पण तिला ‘बसला’ हा शब्द लागू पडतो का, हे पाहायचं तर थोडं मागे जावं लागतं.

१९०१ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये युजेन सँडोने मोठी शरीरसौष्ठव स्पर्धा भरवली, तेव्हा कातडीखालची शीर न् शीर दिसली पाहिजे असा हट्ट नव्हता. तो पुढच्या दशकांत वाढत गेला, आणि त्याच्याबरोबर उपासमारही.

उपासमारीने शरीराचं काय होतं, हे सर्वांत बारकाईने पाहिलं गेलं ते जिमबाहेर. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना २४ आठवडे जवळपास निम्म्या आहारावर ठेवलं. युद्ध नाकारणारे हे तरुण स्वखुशीने आले होते. बटाटे, सलगम, ब्रेड, मॅकरोनी एवढंच ताटात, आणि आठवड्याला पस्तीसेक किलोमीटर चालणं. वजन सुमारे पाव घटलं. विश्रांतीतला ऊर्जाखर्च जवळपास ४० टक्क्यांनी उतरला. हा आकडा ऐकून धडकी भरते. पण त्यातला बराच भाग साधा हिशेब आहे: लहान झालेल्या शरीराला इंधन कमीच लागतं. त्याहून जास्त जी घट झाली, तिला जुळवून घेणं म्हणतात. ऊर्जाखर्चाचा वेग ठरवणारं थायरॉइडचं टी-३ हार्मोन आणि पोट भरल्याचा इशारा देणारं लेप्टिन हार्मोन उतरतात, नाडी मंदावते, माणूस नकळत कमी हालतो.

त्याच प्रयोगाचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. जेवण पुन्हा सुरू झाल्यावर तरुणांची भूक आवरेना. चरबी आधीपेक्षाही पुढे गेली, स्नायू मात्र मागे रेंगाळले. या आकड्यांचा नव्वदच्या दशकात पुन्हा अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की गेलेले स्नायू भरून येईपर्यंत भूक शांत होत नव्हती. स्पर्धेनंतरचा आपला पोरगा रात्री फ्रिज उघडतो तो लोभी म्हणून नव्हे.

‘कायमचं नुकसान’ या समजुतीला २०१६ मध्ये मोठा आधार मिळाला. वजन घटवण्याच्या एका अमेरिकी टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, तर त्यांचा विश्रांतीतला खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी निघाला. पण ती अतिस्थूल माणसं होती, सरासरी ५८ किलो घटवलेली. तो आकडा ७० किलोच्या पोराला चिकटवणं चूक आहे.

सौष्ठवपटूंवरचे अभ्यास थोडे, पण बोलके आहेत. २०१३ मध्ये स्टेरॉइडसारखी औषधं न घेणाऱ्या एका स्पर्धकाच्या वर्षभराच्या नोंदी छापून आल्या. चरबी १४.८ वरून ४.५ टक्क्यांवर, नाडी ५३ वरून २७ वर, टेस्टोस्टेरॉन चौथ्या हिश्श्यावर. स्पर्धेनंतर नाडी आणि टेस्टोस्टेरॉन वर आले. ताकद मात्र सहा महिन्यांतही पूर्ण परतली नाही. २०१७ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी फिटनेस स्पर्धेसाठी डाएट केलेल्या २७ स्त्रिया तपासल्या. तीन-चार महिन्यांत बहुतेक हार्मोन पूर्ववत झाले, तरी टी-३ आणि टेस्टोस्टेरॉन अजून थोडे खालीच होते.

म्हणजे शरीर मंदावतं हे खरं, आणि सावरायला महिने घेतं हेही खरं. मोडतं असं या नोंदी सांगत नाहीत. मला काळजी वाटते ती ‘बसला’ शब्दाने घाबरून स्पर्धेनंतरही अर्धपोटी राहणाऱ्या पोरांची आणि पाळी थांबूनही कोचच्या सांगण्यावरून डाएट ओढणाऱ्या मुलींची. ज्या मंदपणाला ती भितात, तो उपाशी राहूनच लांबतो.