तंबाखूच्या रूपात भरलेला कर

सतराव्या शतकात इंग्रजांनी उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर वसाहती उभारल्या, तेव्हा तेथे जमीन मुबलक होती, पीकही निघत होते, पण नाण्यांचा दुष्काळ होता. इंग्लंडने आपली नाणी बाहेर नेण्यावर बंदी घातली होती आणि व्यापारातून हाती आलेली चांदी कापड व अवजारे विकत घेण्यातच परत जाई. म्हणून मॅसॅच्युसेट्समध्ये मका आणि गुरे, तर व्हर्जिनियात तंबाखू करापोटी स्वीकारली जाऊ लागली; आपल्या जुन्या दफ्तरांच्या भाषेत, वसुली नक्त (रोख) नसून ऐनजिनसी (मालाच्या रूपात) होती.

अशा वसुलीची खरी अडचण मालाच्या प्रतीत असते. कायदा वजन मोजतो, पण एका पौंडाची किंमत दुसऱ्या पौंडाइतकी असतेच असे नाही. त्यामुळे चांगला माल बाजारात जातो आणि हलका माल सरकारच्या पदरात पडतो. हडकुळी गुरे करात देऊ नयेत, असा हुकूम मॅसॅच्युसेट्सला १६५८ मध्ये काढावा लागला.

व्हर्जिनियाने १७३० मध्ये, उपगव्हर्नर विल्यम गूच यांच्या कारकिर्दीत, शोधलेला उपाय मला विशेष कल्पक वाटतो. तंबाखूचे प्रत्येक लाकडी पिंप सरकारी वखारीत आणून निरीक्षकांसमोर उघडायचे, आतल्या मालाचे नमुने तपासायचे, निकृष्ट पाने जाळून टाकायची आणि उरलेल्या मालाची पावती शेतकऱ्याच्या हाती द्यायची, अशी ती पद्धत होती. ही पावती करभरणीला चालत असल्यामुळे अवजड पिंप वखारीतच राही आणि व्यवहारात फक्त कागद फिरे. लहान शेतकऱ्यांना मात्र आपला माल डोळ्यांदेखत जळताना पाहावा लागे. त्या संतापातून १७३२ मध्ये काही वखारींना आगी लावण्यात आल्या.

प्रतीचा प्रश्न बराचसा सुटला, भावाचा सुटला नाही. पाद्र्यांचे वार्षिक वेतन सोळा हजार पौंड तंबाखू असे ठरलेले होते आणि ते गावकऱ्यांवरील करातून दिले जाई. १७५८ मध्ये पीक बुडून भाव सुमारे तिप्पट झाला, तेव्हा विधिमंडळाने हे देणे पौंडभर तंबाखूमागे दोन पेन्स या दराने रोखीत फेडण्याची मुभा दिली. राजाने तो कायदा नामंजूर केल्यावर पाद्री थकबाकीसाठी न्यायालयात गेले. १७६३ मध्ये हॅनोव्हर परगण्यातील खटल्यात तरुण वकील पॅट्रिक हेन्री यांनी करदात्यांची बाजू मांडली आणि ज्युरीने पाद्र्याला एक पेनी भरपाई मंजूर केली.