महत्तम शाश्वत मत्स्योत्पादन

एखाद्या मत्स्यसाठ्याची पुनरुत्पादनक्षमता न खालावता त्यातून दरवर्षी, दीर्घकाळ काढता येणारी जास्तीत जास्त मासळी. सागरी अर्थव्यवस्थेत उत्पादनवाढ आणि पर्यावरणरक्षण यांचा मेळ घालताना या संकल्पनेचा आधार वारंवार घेतला गेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा कराराच्या कलम ६१ मध्येही ती आहे.

तिच्या उगमाविषयी एकमत नाही. तिच्यामागचे, जीवसंख्या कशी वाढते हे सांगणारे समीकरण गणितज्ञ पिएर व्हेरहुल्स्ट यांचे (१८३८). ते मासेमारीला लावण्याचे श्रेय काही अभ्यासक योहान योर्ट व सहकाऱ्यांच्या देवमाशांवरील अभ्यासाला (१९३३) देतात, तर काही मायकेल ग्रॅहम यांना (१९३५). प्रत्यक्ष व्यवस्थापनात वापरता येईल असे रूप मात्र मिल्नर शेफर यांनी १९५४ मध्ये दिले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. अमेरिकेने १९४९ च्या सुमारासच हे उद्दिष्ट धोरण म्हणून स्वीकारल्याने ही संकल्पना मुळात मुत्सद्देगिरीतून पुढे आली, असेही एक मत आहे. धोरणापुरते ते पटण्याजोगे आहे.

शेफर प्रतिमानानुसार, साठा धारणक्षमतेच्या (परिसर पोसू शकेल अशा कमाल साठ्याच्या) निम्म्यावर असताना वार्षिक भर सर्वाधिक असते. धारणक्षमता १,००,००० टन आणि अंगभूत वाढीचा दर (जागा व अन्नाची टंचाई नसतानाचा वार्षिक वाढदर) ०.४ धरल्यास ५०,००० टन साठ्यात वर्षाला १०,००० टनांची भर पडते. साठा ४०,००० टनांवर आला की भर ९,६०० टन होते. तरीही कोटा १०,००० टनच ठेवला, तर दरवर्षी तूट पडते, भर आणखी घटते आणि ऱ्हासाचा वेग वाढत जातो. त्याऐवजी साठ्याच्या २० टक्केच मासळी काढायची असे ठरवले, तर पकड ८,००० टनांवर येते आणि उरलेल्या १,६०० टनांनी साठा सावरू लागतो. म्हणून ठरावीक टनांच्या कोट्यापेक्षा ठरावीक प्रमाण सुरक्षित. वाढीचा दर प्रत्यक्षात ०.३ असेल, तर महत्तम उत्पादन ७,५०० टनच भरते. अंदाजातली एवढी चूकही घातक ठरते.

साठ्याचा अंदाज बहुधा प्रतितास पकडीवरून बांधतात आणि फसगत इथेच होते. थव्याने राहणारे मासे संख्या घटली तरी दाटीनेच राहतात. ट्रॉलरची पकड टिकून दिसते. कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या कॉड माशांच्या साठ्याच्या अंदाजात हा दोष शिरला होता. जुलै १९९२ मध्ये तिथली मासेमारी बंद करावी लागली. पेरूच्या अँचोव्हेटा या लहान माशाचा साठा १९७२-७३ मध्ये कोसळला, त्यात अतिमासेमारीला एल निन्योची (प्रशांत महासागराचे पाणी तापण्याच्या घटनेची) जोड मिळाली. धारणक्षमता स्थिर असते हे गृहीतकच अशा वर्षी निकामी होते. जाळ्याचे आस (छिद्रे) लहान असले, तर पिल्ले वाढण्याआधीच पकडली जातात आणि तेवढ्याच साठ्यातून मिळणारे वजन घटते.

पीटर लार्किन यांनी १९७७ मध्ये या संकल्पनेचा मृत्युलेखच लिहिला. एकेका जातीचा स्वतंत्र हिशेब मांडल्याने भक्षक-भक्ष्य संबंध, अनाहूत पकड (नको असताना जाळ्यात येणारे इतर जीव) आणि समुद्रतळाची हानी त्यात येत नाहीत, हा आक्षेप आजही रास्त आहे.

एच. स्कॉट गॉर्डन यांच्या १९५४ मधील आर्थिक मांडणीतून अधिक आश्वासक वाट निघाली. नफा सर्वाधिक असतो तेव्हा साठा धारणक्षमतेच्या निम्म्याहून जास्त असतो आणि मासेमारीचा प्रयत्न अनिर्बंध प्रवेशातील (कोणालाही मासेमारीची मुभा असतानाच्या) प्रयत्नाच्या निम्मा पुरतो. नौका कमी, इंधन कमी, तरी प्रतिनौका पकड मोठी: उत्पादकता आणि संरक्षण इथे एकाच दिशेने जातात. ऑस्ट्रेलियाच्या २००७ च्या धोरणात, नेमकी आकडेमोड शक्य नसल्यास, मूळ साठ्याच्या ४८ टक्के हे लक्ष्य आणि २० टक्के ही किमान मर्यादा धरली आहे. साठा या किमान मर्यादेखाली गेल्यास त्या जातीची हेतुपुरस्सर मासेमारी थांबवतात.